फ्यूजच्या अलीकडची वायर

जळक्या प्लॅस्टिकचा वास आधी भावाला आला. रस्ता खराब होता, काचा वर होत्या आणि मी वायरलेस सेटवर पुढच्या गाडीशी बोलत होते. "ताई, गाडी थांबव," तो म्हणाला. गाडी बाजूला घेईपर्यंत डॅशबोर्डच्या खालून करड्या धुराची बारीक रेघ वर यायला लागली होती. इंजिन बंद केलं, किल्ली काढून घेतली, तरी धूर थांबेना. बॉनेट उघडलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: जी वायर जळत होती ती थेट बॅटरीवरून आलेली. किल्लीचा आणि तिचा काही संबंधच नव्हता. भावाने 10 नंबरचा पाना शोधून दिला, मी मायनसचं टर्मिनल सैल करून केबल उपसली आणि बाजूला धरून उभी राहिले. मग धूर हळूहळू विरळ झाला.

आम्ही दोघं सुखरूप होतो, गाडीचं नुकसानही थोडक्यात निभावलं. पण मला खरा धक्का बसला तो नंतर, वायर ओढून बाहेर काढल्यावर. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ती वायर आत घेतली होती. तिथे बोटभर लांबीचं आवरण पार गेलं होतं. आतलं तांबं काळंजांभळं पडलेलं, वितळलेलं प्लॅस्टिक पत्र्याच्या कडेला चिकटून बसलेलं. आणि तिथून हातभर पुढे, डॅशबोर्डखाली, फ्यूजचा होल्डर. उघडून पाहिलं तर फ्यूज धडधाकट. तार शाबूत, काच स्वच्छ. वायर जळून गेली आणि फ्यूजला त्याचा पत्ताही नव्हता.

तो सेट मी स्वतः बसवला होता. 50 वॅटचा व्हीएचएफ सेट, हौशी रेडिओच्या परवान्यावरचा. समोरचं पॅनेल डॅशबोर्डवर आणि मुख्य डबा मागे डिकीत, अशी मांडणी. सेटबरोबर आलेली पॉवरची वायर होती 3 मीटर, डिकीपासून बॅटरीपर्यंत लागत होती 5 मीटर. सेटकडच्या टोकाला ठरावीक घाटाचा प्लग असतो, तो कापायला मन होईना. म्हणून मी बॅटरीकडच्या टोकाला 2 मीटर वायर जोडून वाढवली. कंपनीने फ्यूज दिलेले असतात ते नेमके त्याच टोकाला, बॅटरीजवळ यावेत म्हणून. माझ्या जोडणीमुळे ते बॅटरीपासून 2 मीटर लांब, केबिनमध्ये जाऊन बसले. मला उलट ते सोयीचं वाटलं होतं. फ्यूज उडाला तर बॉनेट उघडायला नको, बसल्या जागी बदलता येईल.

आमच्या रेडिओच्या गटात एक ज्येष्ठ आहेत, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वाहनांत वायरलेस सेट बसवण्यात घालवली आहेत. त्यांच्यापुढे मी ती जळकी वायर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, फ्यूजपाशी आले आणि विचारलं, "हा फ्यूज कोणासाठी लावला होतास?"

"सेटसाठी," मी म्हणाले.

"सेट आपलं बघून घेतो, त्याच्या आत त्याची सोय असते. फ्यूज वायरीसाठी. आता सांग, बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला वाली कोण?"

त्या दोन मीटरला कोणीच वाली नव्हता. वायर शॉर्ट झाली ती पत्र्याच्या भोकात, म्हणजे फ्यूजच्या अलीकडे. प्रवाह बॅटरीतून निघाला, दीड मीटर चालला आणि तिथूनच पत्र्यात उतरून परत बॅटरीकडे गेला. फ्यूजपर्यंत तो पोचलाच नाही, मग फ्यूज उडणार कसा? गाडीची बॅटरी 12 व्होल्टचीच असली तरी तिचा अंतर्गत रोध काही मिलिओहमच असतो. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरवण्यासाठीच ती बनवलेली, त्यामुळे शेकडो अँपिअर ती सहज ओतते. माझी वायर 2.5 स्क्वेअर एमएमची. तिच्यातून 500 अँपिअर सलग वाहिले तर साधारण अर्ध्या सेकंदात आवरण वितळायला लागतं आणि दोनेक सेकंदांत तांबंच वितळतं. आमचं नशीब एवढंच की वायर पत्र्याला घट्ट टेकली नव्हती. खड्ड्यात गाडी आदळली की टेकायची, पुन्हा सुटायची. म्हणून आग न लागता नुसता धूर झाला.

दुसरीही एक गोष्ट काकांनी दाखवली, जी माझ्या लक्षातच आली नव्हती. काचेच्या फ्यूजचा तो नळीसारखा होल्डर, आत स्प्रिंग असलेला, एका बाजूने फुगून वेडावाकडा झाला होता. हे त्या दिवशीच्या शॉर्टमुळे झालेलं नव्हतं, महिनोन् महिने होत आलेलं होतं. स्प्रिंग सैल पडते, टोकांवर गंज चढतो, तिथला रोध वाढतो. समजा तो 0.05 ओहम झाला आणि सेट बोलताना 11 अँपिअर घेत असेल, तर त्या एका सांध्यावर 6 वॅट उष्णता तयार होते. बंद प्लॅस्टिकच्या नळीत 6 वॅट म्हणजे भाजून निघण्याचं काम. तापली की स्प्रिंग आणखी मऊ होते, रोध आणखी वाढतो. आणि या सगळ्यात फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट किंचित कमीच झालेला असतो. उडला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी तोवर धरून चालले होते.

मग सगळं नव्याने करायचं ठरवलं, आणि या वेळी अंदाजाने काहीच नाही.

पहिलं काम प्रवाह मोजण्याचं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर उसना आणला. नुसतं ऐकताना सेट 0.6 अँपिअर घेत होता. कमी पॉवरवर बोलताना साधारण 4, आणि पूर्ण 50 वॅटवर 11. म्हणजे 15 अँपिअरचा फ्यूज पुरेसा होता. माझ्याकडे होता 20 चा, आणि तोही का, तर घरात तेवढाच होता म्हणून. फ्यूजचा आकडा दोन बाजूंनी बांधलेला असतो. सेटच्या जास्तीत जास्त मागणीपेक्षा तो थोडा वर हवा, नाहीतर उगाच उडत राहील. आणि वायर जेवढं सुखाने सोसते त्याच्या खाली हवा, नाहीतर फ्यूजच्या आधी वायर जाईल. दुसरी मर्यादा लोक विसरतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून 30 चा घालणारे मी पाहिले आहेत. त्यांनी फ्यूज वाचवला आणि वायर पणाला लावली.

आकड्याबद्दल आणखी एक. 15 चा फ्यूज 15.1 अँपिअरला टपकन उडतो असं मला वाटायचं. तसं नसतं. काचेच्या नळीऐवजी दोन चपटी पाती असलेला चांगला फ्यूज 10 टक्के जास्त प्रवाह तासन् तास सोसतो. 35 टक्के जास्त झाला तर दहा मिनिटांपर्यंतही टिकू शकतो, आणि दुप्पट प्रवाहाला जास्तीत जास्त पाच सेकंद. थोडक्यात, जे फ्यूज सोसेल ते वायरीलाही तेवढा वेळ सोसता आलं पाहिजे.

आता फ्यूजच मुळात खरा आहे का, हे बघायला मी एक प्रयोग केला. एक स्वस्तातलं मिश्र पाकीट माझ्याकडे पडून होतं, रंगीबेरंगी फ्यूजचं. निळे 15 चे, पिवळे 20 चे, हिरवे 30 चे, रंग सगळे बरोबर. हेडलाइटचे जुने 55 वॅटचे सात बल्ब समांतर जोडले, म्हणजे मिळून 30 अँपिअरच्या आसपास. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त प्रवाह ओढतं, त्यामुळे निकाल खोटा आला असता. म्हणून फ्यूजला समांतर एक जाड वायर लावून आधी बल्ब पेटवले आणि ते तापल्यावर ती जाड वायर काढली, म्हणजे सगळा भार एकदम फ्यूजवर आला. नामांकित बनावटीचा निळा फ्यूज मी तीन म्हणेपर्यंत गेला. पाकिटातला निळा मात्र वीस म्हटलं तरी टिकून होता. त्याचं प्लॅस्टिक मऊ पडून एका बाजूला कललं, आणि बल्ब आपले झगझगीत. तेव्हा मीच क्लिप काढली. ते पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. वायरीच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर, तोच जर बहिरा असेल तर त्याच्यापेक्षा नसलेला बरा, कारण तिथे निदान आपण सावध तरी राहतो.

वायर निवडताना तापण्याबरोबरच व्होल्टेज किती पडतं हेही पाहावं लागतं. जुन्या जोडणीवर इंजिन बंद ठेवून, बोलताना, सेटच्या प्लगपाशी मी मोजलं होतं: 11.4 व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीवर 12.4. एक अख्खा व्होल्ट वाटेत खर्च होत होता. 2.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण 7.4 मिलिओहम. जाऊन येऊन 10 मीटर म्हणजे 74 मिलिओहम, त्यातून 11 अँपिअर, झाले 0.8 व्होल्ट. उरलेले 0.2 सांधे आणि होल्डर यांनी खाल्ले. माझ्या सेटच्या पुस्तिकेत 13.8 व्होल्टच्या 15 टक्के वरखाली असं लिहिलेलं, म्हणजे खालची हद्द 11.7. मी त्याच्याही खाली चालवत होते. ऐकणारे अधूनमधून सांगायचे की तुझा आवाज फाटतोय, आणि मी माइकला दोष देत बसले होते.

या वेळी प्लसला 6 स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर घेतली. बॅटरीची मायनस केबल सगळ्यात आधी काढली. हा क्रम का, ते एकदा डोळ्यांपुढे आणावं: मायनस जोडलेली असताना प्लसचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर पाना म्हणजेच शॉर्ट. मायनस आधी सुटली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट, मायनस शेवटी.

फ्यूजचा होल्डर पात्यांच्या फ्यूजचा, झाकणाला रबरी कडा असलेला. तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून एका वितीच्या आत बसवला. काकांचं म्हणणं असं की या वितीतली वायर म्हणजे देवावर हवाला, म्हणून ती जेवढी आखूड तेवढी बरी. तेवढ्या तुकड्यावरही मी वेगळी जाड स्लीव्ह चढवली आणि तो कुठल्याही धातूच्या कडेजवळून जाणार नाही असा वळवला.

लग, म्हणजे बोल्टखाली कसायला वायरीच्या टोकाला असते ती धातूची कडी, बसवण्याच्या कामाला मात्र मी मनापासून वेळ दिला. पूर्वी मी पकडीने चेपून वर डाग द्यायचे, म्हणजे डबल मजबूत असं समजून. पण डागाचं कथील बारीक तारांमध्ये शोषलं जाऊन आवरणाखाली बरंच आत चढतं. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि गाडीच्या थरथरीने वायर नेमकी ताठ भाग संपतो तिथे तुटते. आता मापाच्या दाढांचा क्रिम्पिंग टूल वापरला. पहिले तीन लग वाया घालवले. एक कापून आत पाहिलं तर तारांमध्ये पोकळ्या होत्या, म्हणजे लगच मोठ्या मापाचा होता. चौथा कापला तेव्हा आत तारा अशा दाबून बसल्या होत्या की वेगळी तार ओळखू येईना, सगळं मिळून तांब्याचा एकच ठोकळा. तसा झाला तरच पुढे जायचं असं ठरवलं. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवली. गरम झाल्यावर कडेने गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की समजायचं, पाणी आत जाणार नाही.

पत्र्याच्या भोकाला आधी कानशीने कडा मारल्या, मग भोकात बसणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, आणि वायरीवर पन्हळी नळी. दर वितीला टाय. एवढं जर पहिल्या वेळी केलं असतं तर कदाचित वायर कधीच घासली नसती, पण फ्यूज चुकीच्या जागीच राहिला असता आणि मला ते कळलंही नसतं.

राहिली मायनस. तिच्यावर आमच्या गटात दरवेळी वाद होतो. सेटबरोबरच्या वायरीत प्लसला आणि मायनसला असे दोन्हीकडे फ्यूज असतात. मायनसला फ्यूज कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर मला एका मैत्रिणीच्या जुन्या पिकअपमध्ये मिळालं.

तिची तक्रार साधी होती. "अगं, मी बोलले की सगळ्यांना माझ्यामागे शिट्टी ऐकू येते, आणि इंजिनाचा वेग वाढला की शिट्टीही चढते." तिचा सेट सुरू होत होता, बोलत होता. मी मायनसचा फ्यूज काढून पाहिला, तर तो उडालेला! मग सेट चालत कशावर होता? अँटेनाच्या केबलवरची जाळी सेटच्या बॉडीला जोडलेली असते आणि अँटेनाच्या ब्रॅकेटमधून गाडीच्या बॉडीला. सेटचा परतीचा सगळा प्रवाह त्या जाळीतून जात होता. ब्रॅकेट उघडलं तर जाळीच्या तारा काळ्या पडलेल्या, स्क्रूभोवतीचा रंग करपून फोड आलेला.

पण फ्यूज उडाला का? ती म्हणाली, सेल्फ जड फिरतो म्हणून महिन्यापूर्वी बॅटरी बदलली, तरी तसाच फिरतो. बॅटरीची मायनस केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे मीटरचं एक टोक लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसवर, आणि तिला सेल्फ मारायला सांगितलं. 1.9 व्होल्ट! तिथे खरं म्हणजे 0.2 च्या आसपासच यायला हवं. बोल्टखाली गंज होता. सेल्फच्या प्रवाहाला घरी जायची मुख्य वाट अडली, तेव्हा त्याने दुसरी शोधली: बॉडीतून अँटेनाच्या ब्रॅकेटमध्ये, जाळीतून सेटमध्ये आणि सेटच्या मायनस वायरीतून थेट बॅटरीवर. पंचवीस-तीस अँपिअर त्या वाटेने गेले असावेत, म्हणून 15 चा फ्यूज काही सेकंदांत उडाला. तो नसता आणि बोल्ट पूर्णच सुटला असता, तर सेल्फचा अख्खा भार त्या बारीक वायरीवर आला असता.

तेव्हा माझं मत पक्कं झालं. मायनस थेट बॅटरीवर नेली असेल तर तिला फ्यूज हवाच, आणि तोही बॅटरीजवळ. पण मुळात ती तिथे न्यायचीच कशाला? सेटजवळ बॉडीवर रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर आखूड जाड वायरीने अर्थ दिला, तर सेल्फच्या प्रवाहाला सेटमधून शॉर्टकट उरतच नाही. मग मायनसच्या फ्यूजचंही काम राहत नाही. उलट तिथे तो ठेवला आणि कधी उडाला, तर पुन्हा जाळीतून प्रवाह जाणार. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक सेन्सर असतो, तो येणारा-जाणारा प्रवाह मोजून चार्जिंग ठरवतो. सेटची मायनस त्या टर्मिनलवरच कसली, तर सेटने घेतलेला प्रवाह त्या सेन्सरला दिसतच नाही आणि त्याचा हिशोब चुकतो. अशा गाडीत तर बॉडीचाच अर्थ घ्यावा. गाडीच्या पुस्तिकेत रेडिओच्या जोडणीबद्दल काही लिहिलं असेल तर त्याचं ऐकावं, हे सगळ्यात आधी.

माझ्या गाडीत डिकीतल्या सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थ घ्यायचा मोह झाला होता. तो बोल्ट माणसाच्या जिवासाठी आहे, त्याखाली काही घालायचं नाही, असं काकांनी दटावलं. म्हणून शेजारी वेगळा बोल्ट घेतला, दातेरी वॉशर घातला आणि वर गंजरोधक रंगाचा हात दिला.

सगळं जोडून पुन्हा तेच मोजमाप. इंजिन बंद, पूर्ण पॉवर. बॅटरीवर 12.4, सेटवर 12.1. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये 0.07. पाच मिनिटं थांबत थांबत बोलले आणि होल्डरला हात लावला: कोमट, बस.

मैत्रिणीच्या पिकअपचा बोल्ट आम्ही दोघींनी सोडवला. तारेच्या ब्रशने घासून पत्रा पांढरा होईपर्यंत साफ केला, अँटेनाची केबल बदलली, सेटची मायनस बॉडीवर घेतली. तिने सेल्फ मारला, मीटरवर 0.15 आलं आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं. "म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती की गं!" ती म्हणाली. जुनी बॅटरी अजून तिच्याकडेच होती. ती तिने आता घरच्या सेटला जोडली आहे, प्लसच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत फ्यूज लावून.